जळगावची माहिती, धुळ्याची प्रत

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप, चटया आणि डाळींचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी हिशेब, मालसाठा, पगार यांची सॉफ्टवेअर एकेक करून येतात आणि प्रत्येकाबरोबर नवा सर्व्हर येतो. मग एकाची डिस्क काठोकाठ भरते, शेजारची अर्धी रिकामी राहते. स्टोरेज व्हर्च्युअलायझेशनमध्ये या साऱ्या डिस्क एका सॉफ्टवेअरच्या ताब्यात जातात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क अशा एकत्र हाताळणारे यंत्र आयबीएमने २००३ मध्ये बाजारात आणले.

सोय मोठी, पण हिशेब चुकला की फटका सगळ्यांना. दहा विभागांना प्रत्येकी १० टेराबाइट जागा दाखवायची आणि प्रत्यक्षात ४० टेराबाइटच विकत घ्यायची, याला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. भरीत पार्टीला पन्नास जणांना बोलावून तीस जणांपुरतीच वांगी भाजण्यासारखे हे आहे. मार्चअखेरीला साठा संपला, तर सगळ्याच विभागांचे काम अडते.

दुसरी अडचण अंतराची. आपत्तीत माहिती वाचावी म्हणून तिची एक प्रत दुसऱ्या गावी, समजा धुळ्यात, ठेवायची असते. धुळे जळगावपासून महामार्गाने सुमारे ९० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो; म्हणजे १०० किलोमीटर केबलवरून जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. प्रत्येक नोंद धुळ्यात पोचल्याची पावती मिळेपर्यंत थांबायचे ठरवले, तर एवढी वाट पाहणे बहुतेकांना परवडते. चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईसाठी हीच वाट चौपट होते. म्हणून दूरची प्रत बहुधा थोडी मागे ठेवतात. आपत्तीत शेवटच्या काही नोंदी जातात. उलट धुळे जवळ, पण तापीचे खोरे तेच आणि मे महिन्यातला उन्हाळाही जवळपास तसाच; म्हणजे एकच संकट दोन्हीकडे येऊ शकते.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हेही अनेकदा विसरले जाते. जळगावात चुकून पुसलेली फाइल धुळ्यातही तत्काळ पुसली जाते. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’मधली ८५८ टेराबाइट माहिती त्यात जळाली, एवढ्या प्रचंड साठ्याचा बाहेर बॅकअपच नव्हता.

जुनी माहिती नव्या व्यवस्थेत नेणे हे आणखी एक जिकिरीचे काम. २० टेराबाइट माहिती १०० मेगाबिटच्या लाइनवरून पाठवायला, लाइन एकदाही न तुटता, अठरा दिवसांहून जास्त लागतात. त्यामुळे पहिली पूर्ण प्रत डिस्कवर भरून गाडीने पाठवण्याची पद्धत आजही चालते. एरंडोल-पारोळामार्गे ती त्याच दिवशी धुळ्यात पोचते. त्यानंतर केबलवरून फक्त रोजचे बदल जातात.