काळ्या जमिनीसाठी लहान ट्रॅक्टर : निवड आणि चालविण्याची रीत

लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे मुळात बैलांचे जिल्हे होत. देवणी ही जात लातूर जिल्ह्याच्या देवणी भागातील, तर लाल कंधारी नांदेड जिल्ह्याच्या कंधार तालुक्यातील. मांजरा, तेरणा आणि मन्याड या नद्यांच्या खोऱ्यांतील भारी काळी जमीन पिढ्यान् पिढ्या याच जातींच्या जोड्यांनी कसली. परंतु ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि घरचा कडबा कमी झाला. सालगडी मिळणे कठीण झाले. दोन-तीन महिन्यांच्या कामासाठी बारा महिने जोडी पोसणे पाच-सात एकरांच्या शेतकऱ्यास परवडेनासे झाले. त्यामुळे १५ ते २८ अश्वशक्तीच्या लहान डिझेल ट्रॅक्टरकडे त्याचे लक्ष वळावे, हे स्वाभाविक आहे.

हा ट्रॅक्टर बहुधा कर्जाने घेतला जातो आणि त्या कर्जाचा बोजा पुष्कळदा सातबाऱ्यावर चढतो. निवड चुकली तर नुकसान केवळ यंत्राचे होत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंना अश्वशक्तीचा आकडा सांगण्यापूर्वी त्यांच्याकडून कामाचा हिशेब मांडून घेणे अगत्याचे आहे.

आधी तासांचा हिशेब

एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालविला आणि वळणे व थांबे यांत चौथा हिस्सा वेळ गेला असे धरले, तर एका एकरास सुमारे २ तास १० मिनिटे लागतात. सोयाबीनच्या ४५ सेंटिमीटर अंतराच्या तीन ओळी एका फेरीत पेरणारे यंत्र ताशी ४ किलोमीटर वेगाने चालले, तर बियाणे भरणे धरून एकरी तासाभरास थोडा अधिक वेळ पुरतो. दोन कोळपण्या, चार फवारण्या, हरभऱ्याची मशागत व पेरणी आणि थोडी वाहतूक अशी सर्व बेरीज केली, तरी पाच एकरांच्या शेतास वर्षाकाठी ट्रॅक्टरचे काम ६० तासांच्या आसपासच भरते.

आता खर्च पाहू. हिशेबापुरती ट्रॅक्टरची किंमत ४ लाख रुपये, आयुष्य १० वर्षे आणि अखेरची मोड किंमत दहावा हिस्सा धरावी. वार्षिक घसारा ३६,००० रुपये होतो. सरासरी गुंतवणुकीवर १२ टक्के व्याज धरल्यास २६,४०० रुपये, आणि विमा व निवारा यांचे ६,००० रुपये. म्हणजे ट्रॅक्टर जागेवर उभा असला तरी वर्षाला ६८,४०० रुपये लागतात. हा खर्च ६० तासांवर वाटला तर ताशी १,१४० रुपये पडतो. ३०० तासांवर वाटला तर २२८ रुपये. डिझेल, ऑइल आणि चालकाची मजुरी त्यावर निराळी. पाच एकरांच्या एकट्या शेतकऱ्याने स्वतःपुरता ट्रॅक्टर घ्यावा की नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत मिळते. दोन-तीन भावांनी मिळून घेतला, अथवा शेजारच्या वीस-पंचवीस एकरांचे पेरणी-कोळपणीचे काम आधीच ठरविले, तर गोष्ट वेगळी. मात्र हे काम तोंडी आश्वासनांवर धरू नये. कोणाचे किती एकर व कोणते काम, हे वहीत लिहून मगच बँकेत जावे.

अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. अनुदानाची रक्कम व अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून तालुका कृषि कार्यालयात चौकशी करावी. अनुदान मिळते एवढ्यासाठी ट्रॅक्टर घेणे हा उफराटा व्यवहार होय.

लहान ट्रॅक्टरने काय करावे, काय करू नये

आपल्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी खोल मुळे धरून बसतात. त्यांच्यासाठी पल्टी नांगर खोल घालावयाचा तर ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हवा. हे काम दरवर्षी करावे लागत नाही. ज्या वर्षी करावयाचे त्या वर्षी भाड्याने करून घ्यावे. केवळ नांगरटीसाठी मोठा ट्रॅक्टर घेणारा शेतकरी तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या कामासाठी रोजचे ओझे उचलतो. उलट, लहान ट्रॅक्टरला नांगराला जुंपणारा त्याचे इंजिन आणि क्लच दोन्ही अकाली झिजवितो. सोयाबीनचे मोठे मळणी यंत्र आणि उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ही कामेही त्याची नव्हेत.

लहान ट्रॅक्टरची खरी किंमत पेरणीच्या आणि कोळपणीच्या दिवसांत कळते. मृगात किंवा आर्द्रात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की पेरणीची घाई होते. काळी जमीन मात्र वाफशावर फार थोडे दिवस राहते. एक दिवस आधी चाक घातले तर चिखल तुडवला जाऊन खाली कठीण थर बसतो. चार दिवस उशीर झाला तर वरची ओल उडते. भाड्याचा ट्रॅक्टर नेमका त्याच दिवशी सर्वांनाच हवा असतो. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर असलेल्या शेतकऱ्याची पेरणी लांबते आणि कधी दुबार पेरणीचा प्रसंग येतो. घरचे यंत्र असण्याचा लाभ आहे तो येथे.

वाफसा ओळखण्याची जुनी रीत अजून उत्तम आहे. चार बोटे खोलीवरील माती मुठीत दाबून तिचा लाडू करावा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकावा. लाडू फुटून विखुरला तर वाफसा आला; चपटा होऊन बसला तर ट्रॅक्टर आखाड्यावरच राहू द्यावा.

चाक आणि ओळ यांचा मेळ

दुकानात उभा असलेला ट्रॅक्टर पाहताना सोबत टेप अवश्य न्यावा. सोयाबीनची ओळ ४५ सेंटिमीटरवर असेल, तर दोन मागील चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ९० सेंटिमीटर असावयास हवे. म्हणजे दोन ओळी पोटाखाली राहतात आणि चाके ओळींच्या मधोमध चालतात. आठ इंची टायर अठरा इंचांच्या पट्ट्यात चालला तर दोन्ही बाजूंस जेमतेम पाच-पाच इंच उरतात. चालकाचा हात बसलेला नसेल तर हे अंतर पुरत नाही. कपाशी आणि तूर यांच्या रुंद ओळींत मात्र अरुंद ट्रॅक्टर ओळीच्या मधून आरामात जातो. तेथे त्याची एकूण रुंदी मोजावी आणि दोन्ही बाजूंस फांद्यांसाठी वीतभर जागा सोडावी. पोटाखालची उंची मोजण्यासही विसरू नये, कारण दुसऱ्या कोळपणीच्या वेळी सोयाबीनचे शेंडे तेथेच लागतात.

पावसाचे पाणी मुरविण्यासाठी व जादा पाणी काढून देण्यासाठी रुंद वरंबा-सरी पद्धत चांगली. परंतु तिचे चार ओळींचे यंत्र या ट्रॅक्टरला ओढवत नाही. त्याऐवजी तीन ओळींच्या पेरणी यंत्राच्या दोन फेऱ्या कराव्यात, सातवी ओळ रिकामी सोडावी आणि तेथे नंतर सरी काढावी. पट्टापेर याच मार्गाने साधते.

अश्वशक्तीविषयी एक खुलासा. जाहिरातीतील आकडा इंजिनाचा असतो, परंतु रोटाव्हेटर व फवारणी यंत्र चालते ते पीटीओवर, आणि तेथे पोहोचणारी शक्ती नेहमीच कमी असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर परीक्षण संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओवरील शक्ती, ओढ, लिफ्टची क्षमता आणि इंधनाचा खर्च मोजून दिलेला असतो. विक्रेत्याकडे तो मागावा. तो दाखविण्यास टाळाटाळ झाली तर दुसरे दुकान पाहावे.

गिअर की हायड्रोस्टॅटिक?

गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची शक्ती क्लचमधून दातेरी चाकांच्या जोडीमार्फत मागील चाकांना मिळते. हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिन एक पंप फिरविते, पंप तेलावर मोठा दाब आणतो आणि त्या दाबाने फिरणारी तेलाची मोटर चाके चालविते. पायातील पेडल थोडे दाबले की हळू, अधिक दाबले की जलद, उलट दाबले की मागे. क्लच दाबून गिअर बदलण्याचे कारणच उरत नाही. नवशिक्या चालकास हे फार सोपे वाटते आणि ते सोपे आहेही.

पण या सोयीची किंमत शक्तीत मोजावी लागते. दात्यांतून जाताना शक्तीचा अल्प अंश वाया जातो. तेलातून जाताना साधारण पाचवा हिस्सा, आणि जड ओढीत त्याहूनही अधिक, तेल तापण्यात जातो. अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ मध्ये ६५६ या ट्रॅक्टरवर ही पद्धत आणली. पुढे नांगरटीच्या मोठ्या ट्रॅक्टरांत ती रुजली नाही. गवत कापणे, बर्फ लोटणे, लोडरने माल उचलणे अशा कामांच्या लहान ट्रॅक्टरांत मात्र तिने घर केले. दर मिनिटास पुढे-मागे करावयाचे असेल तेथे ती उत्तम. तासन् तास एका वेगाने माती ओढावयाची असेल तेथे गिअर श्रेष्ठ.

आपल्याकडे मिळणारे बहुतेक लहान ट्रॅक्टर गिअरचेच आहेत, आणि कोरडवाहू सोयाबीन-तुरीच्या शेतकऱ्याने गिअरचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठा गोठा असून दररोज लोडरने शेण व चारा हलवावयाचा असेल, अथवा दाट फळबागेत सतत वळावे लागत असेल, तर हायड्रोस्टॅटिकचा विचार करण्यास हरकत नाही. मात्र त्याचे तेल विशिष्ट प्रतीचे लागते, फिल्टर वेळेवर बदलावे लागते, आणि पंपात धूळ गेली तर तो उघडून बसविणे साध्या गॅरेजचे काम नव्हे. ऐन पेरणीत पंप अडला तर दुरुस्ती कोठे होईल, हे आधी विचारावे.

गिअरच्या ट्रॅक्टरमध्येही क्लच एकेरी की दुहेरी, हे पाहावे. एकेरी क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. दुहेरी क्लचमध्ये ट्रॅक्टर थांबवूनही रोटाव्हेटर किंवा फवारणीचा पंप चालू ठेवता येतो. थोडे पैसे अधिक पडले तरी दुहेरी घ्यावा.

चालविताना

काम सुरू करण्यापूर्वी योग्य गिअर निवडावा; ओढीत असताना गिअर बदलू नये. क्लचवर पाय ठेवून चालविणे ही आपल्याकडील सर्वांत महाग सवय आहे. धुराड्यातून सतत काळा धूर येत असेल आणि हवेची जाळी स्वच्छ असेल, तर इंजिनावर भार अधिक आहे. खालचा गिअर घ्यावा किंवा फाळ वर घ्यावा. पेरणी व रोटाव्हेटरसाठी लिफ्ट एका उंचीवर स्थिर राहील असा दांडा वापरावा, आणि मोगड्यासाठी ओढीनुसार वर-खाली होणारा. हायड्रोस्टॅटिक चालविणाऱ्याने उलट सवय लावून घ्यावी : भार वाढला की पेडल दाबू नये, सोडावे.

चाक किती घसरते, हे शेतकरी स्वतः मोजू शकतो. मागील टायरवर चुन्याची खूण करावी. औजार वर उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर कापले ते मोजावे. नंतर औजार जमिनीत घालून तसेच मोजावे. पहिले अंतर ३० मीटर आणि दुसरे साडेपंचवीस मीटर भरले तर घसरण १५ टक्के झाली. त्याहून अधिक असेल तर डिझेल मातीत जात आहे असे समजावे : खोली कमी करावी, टायरात पाणी भरावे किंवा चारही चाकांची जोड लावावी. डांबरी रस्त्यावर मात्र ही जोड काढावी, नाहीतर पुढचे टायर लवकर झिजतात. उजवा-डावा ब्रेक निरनिराळा दाबून शेतात वळता येते. रस्त्यावर येताच दोन्ही पेडले खिटीने एकत्र जोडावीत. वेगात एकच चाक अडले तर ट्रॅक्टर उलटतो.

उन्हाळी मशागतीच्या धुळीत हवेची जाळी रोज पाहावी आणि तेलाची जाळी असल्यास तेल बदलावे. नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल बहुधा ५० तासांनी बदलतात. पुढचे वेळापत्रक पुस्तिकेत दिलेले असते. तासांचा काटा बंद पडल्यास आधी तो दुरुस्त करावा, कारण सर्व निगा त्याच्यावर अवलंबून आहे. सोयाबीनच्या काढणीत रेडिएटरवर भुसा बसतो. तो इंजिन थांबवून झाडावा.

आता जिवाची गोष्ट. ओढावयाची वस्तू नेहमी खालच्या ओढदांड्यालाच बांधावी. वरच्या पिनेला साखळी बांधून चिखलात अडकलेली ट्रॉली ओढू लागले की पुढची चाके उचलतात, आणि ट्रॅक्टर मागे उलटण्यास एक सेकंदही लागत नाही. क्लच दाबण्यास वेळ मिळत नाही. सुरक्षा कमान आणि पट्टा असलेला ट्रॅक्टर घ्यावा, आणि फांद्या लागतात म्हणून कमान काढू नये. कंधार, मुखेड, अहमदपूर या बालाघाटच्या उतारांवर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचविण्याची खोड जिवावर बेतते. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरावे. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा गळ्यातील पंचा त्यात गेला तर ओढून काढण्याएवढा अवधी माणसास मिळत नाही. दांड्यावरील प्लॅस्टिकचे आवरण तुटले असेल तर नवे बसविल्याखेरीज त्या यंत्रावर कोणासही कामास उभे करू नये, आणि चालू दांड्यावरून पलीकडे जाऊ नये. ट्रॅक्टरला वळसा घालून जावे.