तारखेला गेले की मजुरी बुडते : मारेगावला सायंकालीन न्यायालय हवे, पण कोणासाठी?

कापूस वेचणीचा हंगाम असतो. किलोवर मजुरी असते. जितका वेचला तितका पैसा, नाही वेचला तर काहीच नाही. अशा दिवसांत मार्डी, कुंभा किंवा बोटोणीकडच्या मजुराला मारेगावच्या न्यायालयाची तारीख लागली, तर त्याचा पूर्ण दिवस जातो. सकाळी एसटी किंवा काळीपिवळी धरायची, पुकारा होईपर्यंत बाहेर बसायचे, आणि दुपारनंतर कळते की पुढची तारीख पडली. मजुरी गेली, भाडे गेले, वकिलाची फी वेगळी. सोबत साक्षीदार नेला असेल तर त्याचाही दिवस आपल्यावर.

मारेगावला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालय आहे. म्हणजे न्यायालय तालुक्यात आले, अंतर कमी झाले. पण न्यायालयाची वेळ अजूनही कार्यालयीन वेळच आहे. महिन्याचा पगार मिळणारा माणूस रजा टाकून येऊ शकतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला रजा नसते. म्हणून न्यायालयांनी संध्याकाळीही बसावे, ही मागणी आपल्या समाजाच्या जगण्याशी थेट जोडलेली आहे.

गैरहजेरी कोणाला महागात पडते?

तारखेला न जाणे ही कायद्याच्या नजरेत साधी गोष्ट नाही. आरोपी गैरहजर राहिला तर जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट निघू शकते. दिवाणी दाव्यात वादी आला नाही आणि प्रतिवादी हजर असला, तर दावा फेटाळला जातो. खासगी फिर्यादीच्या समन्स खटल्यात फिर्यादी येत नसेल, तर आरोपी सुटू शकतो. त्यामुळे ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे, तो समोरच्याला तारखांवर तारखा देऊन थकवतो. गावातला धनदांडगा खटला जिंकतो तो नेहमी पुराव्यावरच जिंकतो असे नाही. समोरचा मजूर यायचा थांबतो, म्हणूनही जिंकतो.

संविधानाच्या अनुच्छेद ३९(क) मध्ये समान न्याय आणि मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये ते जोडले गेले. आर्थिक किंवा इतर दुर्बलतेमुळे कोणीही न्यायाच्या संधीपासून वंचित राहू नये, असा त्याचा आशय आहे. न्यायालयाची वेळ हाच जर एखाद्याचा अडसर ठरत असेल, तर वेळेचा प्रश्नही या अनुच्छेदात येतो.

ही कल्पना नवी नाही

कष्टकऱ्यांच्या वेळेप्रमाणे संस्था चालवणे हा आपल्या चळवळीचाच वारसा आहे. महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण नोकरी करून शिकणारी मुले त्यांच्या डोळ्यांसमोर होती. संस्थेने माणसाच्या दिवसाशी जुळवून घ्यायचे, हा विचार शाळेला लागू होतो तसा न्यायालयालाही होतो.

देशात सायंकालीन न्यायालयांचे प्रयोगही झाले आहेत. गुजरातने नोव्हेंबर २००६ मध्ये अहमदाबादेत अशी न्यायालये सुरू केली. पुढे तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेला ५,००० कोटी रुपये सुचवले. त्यातले २,५०० कोटी सकाळच्या, सायंकाळच्या आणि पाळीतल्या न्यायालयांसाठी होते. पण राज्यांना हा पैसा पूर्ण वापरता आला नाही. न्यायाधीश व कर्मचारी आधीच अपुरे, दिवसभर काम केलेल्यांनीच पुन्हा संध्याकाळी बसायचे, आणि अनेक ठिकाणी वकिलांचा विरोध. पैसा होता, माणसे नव्हती, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

कोणते खटले, हा खरा प्रश्न

सायंकालीन न्यायालय म्हटले की साधारणपणे दोन प्रकारची कामे पुढे केली जातात : किरकोळ गुन्हे आणि चेक न वटल्याचे खटले. दुसऱ्या प्रकाराकडे आपण नीट पाहायला हवे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालच्या अशा खटल्यांत अनेकदा फिर्यादी असते वित्त कंपनी, आणि आरोपी असतो कर्ज फेडू न शकलेला माणूस. कर्ज घेताना सही करून दिलेला कोरा चेक पुढे त्याच्याच विरोधात उभा राहतो. संध्याकाळचे न्यायालय फक्त याच कामाला जुंपले, तर ते गरिबाच्या दारी आलेला न्याय न राहता कंपन्यांचे वसुली केंद्र बनेल.

म्हणून मागणी करताना कामांची यादी आपण द्यायला हवी. पत्नी, मुले व वृद्ध आईवडिलांच्या पोटगीचे अर्ज, थकलेल्या मजुरीचे दावे, छोटे दिवाणी वाद आणि तडजोडीने मिटू शकणारे किरकोळ गुन्हे संध्याकाळच्या सत्रात आधी यावेत. आणि पक्षकाराला दिवस की संध्याकाळ, हे निवडता आले पाहिजे. सक्ती नको.

अत्याचाराच्या खटल्यांबाबत मात्र सावध राहायला हवे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाखालचे खटले विशेष न्यायालयात चालतात, आणि दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत ते निकाली निघावेत, असे कलम १४ सांगते. हे गंभीर खटले जादा वेळेत, थकलेल्या यंत्रणेकडे ढकलून चालणार नाही. त्यांना दिवसाची पूर्ण वेळ आणि पूर्णवेळ न्यायाधीशच हवा.

मारेगावची संध्याकाळ

शहरात रात्री आठला न्यायालय सुटले तरी बस मिळते. मारेगावातून रात्री आठला आतल्या गावी जायचे कसे? सोबत लहान मूल असलेली, नवऱ्याच्या छळाविरुद्ध उभी राहिलेली बाई काय करणार? पोडावर राहणाऱ्या कोलाम बांधवांचा प्रश्न तर आणखी कठीण आहे. म्हणजे तालुक्याच्या गावात राहणाऱ्या हमाल, बांधकाम मजूर, दुकानातल्या नोकरांना संध्याकाळचे सत्र सोयीचे आहे. खेड्यातल्यांना तेवढ्याने भागणार नाही.

त्यांच्यासाठी दुसरा मार्ग कायद्यात आहे. ग्रामन्यायालय अधिनियम, २००८ हा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. त्यात न्यायाधिकाऱ्याने वेळोवेळी गावांत जाऊन फिरते न्यायालय भरवायची तरतूद आहे. संध्याकाळचे सत्र तालुक्याच्या ठिकाणी आणि फिरते न्यायालय मोठ्या गावांत, अशी जोड मागितली तर मारेगावसारख्या तालुक्याला तिचा उपयोग होईल.

मागणी कोणाकडे करायची?

तालुक्यातले न्यायाधीश स्वतःहून वेळ बदलू शकत नाहीत. जिल्हा व तालुका न्यायालयांवरचे नियंत्रण अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाकडे आहे. पदे व पैसा राज्य सरकारने द्यायचा असतो. म्हणून निवेदन यवतमाळच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत मुंबई उच्च न्यायालयाला आणि सोबत राज्याच्या विधी व न्याय विभागाला द्यावे. वकील संघाला विरोधक समजू नये, आधी त्यांच्याशी बसून बोलावे. आणि निवेदनासोबत माहिती असावी : किती पक्षकार मजूर आहेत, वर्षात त्यांच्या किती तारखा झाल्या, किती मजुरी बुडाली. एका गावातल्या तरुणांनी पन्नास घरांत फिरून ही नोंद केली, तर ती कोणत्याही भाषणापेक्षा जड ठरेल.

तोपर्यंत जे आहे ते वापरू

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. १५१०० या क्रमांकावरही मदत मिळते. बौद्ध बांधवांनी जातीचा दाखला सोबत ठेवावा. आरोपीला प्रत्येक तारखेला येणे शक्य नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ खाली वकिलामार्फत हजेरीतून सूट मागता येते. न सांगता गैरहजर राहू नये.

आणि अत्याचाराच्या खटल्यातील पीडित व साक्षीदारांसाठी १९९५ च्या नियमांतील नियम ११ लक्षात ठेवा. तपासाला किंवा सुनावणीला जाण्या-येण्याचे भाडे आणि किमान वेतनापेक्षा कमी नसलेला दैनिक भत्ता मिळण्याचा त्यांना हक्क आहे. ही रक्कम लगेच, जास्तीत जास्त तीन दिवसांत द्यायची असते. हा हक्क मागावा लागतो, आणि बहुतेकांना तो माहीतच नसतो. पुढच्या तारखेला आपल्या गावातले कोणी निघाले असेल, तर त्याच्यासोबत जा आणि हा अर्ज त्याच दिवशी भरून द्या.