एकच धडा, वेगळी पायरी

बौद्धिक अक्षमता ठरवताना दोन गोष्टी जोडीने पाहिल्या जातात. बुद्ध्यांक साधारण 70 च्या खाली असणे ही एक आणि रोजच्या व्यवहारात वयाच्या मानाने ठळकपणे मागे असणे ही दुसरी. कपडे घालणे, सुट्टे पैसे मोजणे, रस्ता ओलांडणे, अनोळखी माणसाशी कसे वागायचे ते उमगणे, हे सारे या दुसऱ्या भागात येते. नुसत्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. कारणे अनेक असतात: डाऊन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतले बदल, जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, जन्मजात थायरॉइडची कमतरता वेळीच न ओळखली जाणे, लहानपणी झालेला मेंदूज्वर. पुष्कळ मुलांच्या बाबतीत कारण शेवटपर्यंत सापडत नाही.

यांतली बहुसंख्य मुले सौम्य गटातली असतात. ती बोलतात, खेळतात, निरोप पोहोचवतात. त्यामुळे दुसरी-तिसरीपर्यंत कोणाच्या काही लक्षात येत नाही आणि पुढे ‘ढ’ असा शिक्का बसतो. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेशीही त्यांची गल्लत होते. तिथे बुद्धी सर्वसाधारण असते, अडचण वाचन, लेखन किंवा गणित अशा एखाद्या क्षेत्रापुरती असते आणि मदतही वेगळी लागते. म्हणून तपासणी लवकर आणि नीट होणे गरजेचे असते. त्यात कान आणि डोळेही तपासायला हवेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत कमी ऐकू येण्याचे प्रमाण बरेच असते आणि ‘सांगितलेले कळत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी ‘सांगितलेले ऐकूच आले नाही’ एवढेच कारण असते.

2011 च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे 15 लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यासाठीचे काम आधी विशेष शाळांनी उभे केले. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने 1944 मध्ये सुरू केलेली जय वकील शाळा, पुण्यातली 1964 ची कामायनी ही महाराष्ट्रातली ठळक नावे. सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे हा विचार जगभर जोर धरू लागला तो 1994 च्या सालामांका परिषदेनंतर. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने 2007 मध्ये स्वीकारला. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन दिव्यांग मुले वंचित गटात धरली गेली आणि तीव्र अक्षमता असलेल्यांना घरी राहून शिकण्याची सोय मिळाली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्याही पुढे गेला. 40 टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते जवळच्या शाळेत असो वा विशेष शाळेत. निवड कुटुंबाची.

कागदावर चित्र असे भरभक्कम आहे. प्रत्यक्षात अडते ते माणसांच्या संख्येवर आणि त्याहून अधिक कामाच्या वाटणीवर. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक शाळोशाळी फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये या प्रश्नात लक्ष घातल्यावर केंद्र सरकारने 2022 साली प्रमाण ठरवून दिले: पहिली ते पाचवीत 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि सहावी ते आठवीत 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक. पण फिरता शिक्षक रोज येत नाही. तो येतो तेव्हा मूल बाहेर व्हरांड्यात बसून त्याच्याबरोबर काहीतरी करते, तो गेला की पुन्हा मागच्या बाकावर. वर्गशिक्षकाच्या मनात ते मूल ‘विशेष शिक्षकाचे’ असते. समावेशित शिक्षण फसते ते बहुतेकदा इथेच. फिरत्या शिक्षकाने मुलाला शिकवण्याइतकाच वेळ वर्गशिक्षकाबरोबर बसून पुढच्या आठवड्याचा धडा कसा बदलायचा हे ठरवण्यात घालवला, तर उरलेले दिवस वाया जात नाहीत.

धडा बदलायचा म्हणजे विषय बदलायचा नाही. चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासात वनस्पतींचे भाग चालू आहेत असे धरू. बाकीची मुले मूळ, खोड, पान यांची कार्ये लिहितात. हे मूल खरे रोपटे हातात घेऊन पान कुठे, मूळ कुठे ते दाखवते, चित्रावर नावाच्या चिठ्ठ्या लावते आणि प्रश्न विचारल्यावर आपल्या परीने उत्तर देते. गणितात वर्ग तीन अंकी बेरजा करत असताना ते 10, 20 आणि 50 च्या नोटा ओळखते, पुढे ‘20 ची बिस्किटे घेण्यासाठी कोणती नोट द्यायची’ इथवर येते. वर्ग तोच, तास तोच, पायरी मात्र मुलाच्या ताकदीची. याउलट, वर्ग बेरजा करत असताना मुलाला चित्र रंगवायला देऊन गप्प बसवणे हा उपाय लोकप्रिय असला तरी त्यात शिकणे काही नसते.

या मुलांची तात्पुरती स्मरणशक्ती तोकडी असते, असे सामान्यतः आढळते. ‘वह्या बाहेर काढा, तारीख घाला, फळ्यावरचे उतरवा आणि मग जोडीदाराशी वही बदला’ अशी साखळी सूचना दिली की पहिल्या दोन शब्दांपलीकडचे निसटून जाते. एका वेळी एक सूचना, ती करून दाखवायची, मग पुढची. दिवसाचे वेळापत्रक चित्रांतून भिंतीवर लावले तर उपयोग होतो, कारण अनेकांना ऐकण्यापेक्षा पाहून पक्के होते. अमूर्त कल्पना वस्तूंतून, मग चित्रांतून आणि शेवटी अंक-अक्षरांतून न्याव्या लागतात. हा क्रम खरे तर सगळ्याच लहान मुलांना मानवतो.

मोठे काम लहान टप्प्यांत फोडणे हा विशेष शिक्षणाचा कणा आहे. शालेय पोषण आहाराच्या आधी हात धुणे हे मोठ्यांना एकच काम वाटते. पण नळ उघडणे, हात ओले करणे, साबण घेणे, तळवे आणि बोटांच्या फटी चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे असे त्याचे टप्पे पडतात. मूल नेमके कुठे अडते ते यातून कळते. कधी शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करतात: आधीचे सारे मोठ्यांनी करून द्यायचे आणि हात पुसणे तेवढे मुलाने. काम पुरे केल्याचे समाधान त्याला पहिल्याच दिवशी मिळते, मग एकेक टप्पा मागे सरकवत नेतात. हात धरून दिलेली मदत पुढे खुणेवर येते, खुणेवरून नुसत्या नजरेवर आणि अखेरीस थांबते. मदत द्यायला सगळे तयार असतात. ती काढून घेण्याची शिस्त फार थोड्यांना जमते.

वाचनात जोडाक्षरे आणि वेलांट्या या मुलांना फार छळतात. बाराखडी पाठ होईपर्यंत वाट पाहिली तर काहींचे वाचन कधीच सुरू होत नाही. म्हणून अक्षरओळखीबरोबरच अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला शिकवतात. आधी स्वतःचे नाव, आईबाबा, मित्रांची नावे, पुढे दवाखाना, धोका, पुरुष, स्त्रिया, एसटीच्या पाटीवरचे गावाचे नाव. वर्गात आलेले बाहेर वापरता येईलच असे नाही. वर्गात प्लास्टिकच्या नाण्यांनी हिशेब करणारे मूल दुकानात गोंधळते, तेव्हा शिकवणे दुकानातही न्यावे लागते. इथे घरच्यांची साथ नसेल तर शाळा एकटी पुरी पडत नाही.

प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करायचा असतो. ‘भाषा सुधारणे’ हे उद्दिष्ट निरुपयोगी. ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाच मित्रांच्या नावांच्या पट्ट्या न चुकता ओळखणे’ हे तपासता येते. आराखडे पुष्कळदा तपासणीच्या तोंडावर एकमेकांवरून उतरवले जातात, ही वस्तुस्थितीही सांगायला हवी.

वर्गातून पळणे, ओरडणे, वही फाडणे या वागण्याकडे खोडी म्हणून पाहिले जाते. ते कधी घडते, त्याच्या आधी काय झाले आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले, याची आठवडाभर नोंद ठेवली तर बरेच उलगडते. न झेपणारे काम समोर आले की वही फाटते आणि वही फाटली की काम टळते. मदत हवी किंवा थोडे थांबायचे आहे हे सांगणारे चित्रकार्ड हाती दिल्यावर फाडाफाड कमी होऊ शकते. वर्गमित्रांचा आधारही मोठा असतो. तो एकाच हुशार मुलीच्या गळ्यात वर्षभर अडकवू नये. पाळीपाळीने सोपवावा आणि या मुलालाही हजेरीची पाटी नेणे, झाडांना पाणी घालणे अशी खरी जबाबदारी मिळावी.

परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद 2016 च्या कायद्यात आहे. आठवीपर्यंत गाडी रेटली जाते. खरी कोंडी नववीपासून होते, कारण दहावीचा अभ्यासक्रम यांतल्या अनेकांना सवलतींसहही पेलत नाही. मुक्त विद्यालयाची वाट काहींना उपयोगी पडते: विषय निवडता येतात, परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते. इतरांनी याच वयात बेकरी, रोपवाटिका, शिवणकाम, कार्यालयीन मदतनीस अशा कामांचा सराव सुरू करायला हवा आणि तो कार्यशाळेतल्या खोलीपेक्षा खऱ्या दुकानात झालेला बरा. वेळेवर पोहोचणे, डबा नेणे, साहेबाला विचारून सुट्टी घेणे ही कौशल्येही तिथेच लागतात.

वयात येण्याचा काळ बहुतेक घरांत अवघड जातो, कारण मन लहान मुलाचे असे समजून त्याविषयी कोणी बोलतच नाही. शरीर मात्र वयाप्रमाणे वाढते. पाळीची स्वच्छता, एकांतात करायच्या आणि चारचौघांत न करायच्या गोष्टी, कोणाचा स्पर्श चालेल आणि नको असेल तर कसे नाकारायचे, हे चित्रे आणि बाहुल्या वापरून अकराव्या-बाराव्या वर्षापासून, पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. या मुलांवर अत्याचार होण्याचा धोका जास्त असतो आणि सांगता न आल्यामुळे अत्याचार झाकलाही जातो.

अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने तो तरुण प्रौढ ठरतो आणि बँक, दवाखाना, मालमत्ता यांबाबत आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. 2016 च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली आहे. त्यात ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळासाठी आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार पालकाने तिच्याबरोबर मिळून निर्णय घ्यायचा असतो. त्यासाठी त्या तरुणाला आपली इच्छा सांगता यावी लागते. दोन वस्तूंतून एक निवडणे, ‘नको’ म्हणणे, सहीच्या जागी आपले नाव काढणे ही उद्दिष्टे म्हणूनच पहिली-दुसरीच्या आराखड्यापासून लिहिली जातात.