हृदय सुरू झाले, मेंदूचे काय?

नांदेड–लातूर रस्त्यावर लोहा किंवा अहमदपूरजवळच्या एखाद्या शेतात, मोटारीचा शॉक लागून माणूस कोसळला आणि त्याचे हृदय थांबले, असे समजा. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. शिल्लक जवळजवळ काहीच नाही. चार ते सहा मिनिटांनंतर कायमची इजा होऊ लागते.

१०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली, ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यांपैकी २३३ गाड्या ‘ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट’च्या, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, कृत्रिम श्वसन वगैरे सोयींच्या. पण शेतापर्यंत चार मिनिटांत गाडी पोचणार कशी?

शिवाय २०१८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली एक चाचणी आम्हाला फार बोलकी वाटते. आठ हजारांहून अधिक रुग्णांपैकी ज्यांना ॲड्रेनलिन दिले त्यांतले ३.२ टक्के महिनाभर जगले, ज्यांना दिले नाही त्यांतले २.४. मेंदू बऱ्यापैकी शाबूत राहिलेल्यांच्या प्रमाणात मात्र ठळक फरक पडला नाही.

रक्त पुन्हा वाहू लागले तरी धोका संपत नाही. उपाशी पेशींत कॅल्शियम घुसलेले असते. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी तर दोन-तीन दिवसांनी मरतात. पूर्वी अशा रुग्णाचे शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करीत. २०२१ च्या मोठ्या चाचणीत त्याचा जादा फायदा दिसला नाही. आता मुख्य भर ताप चढू न देण्यावर असतो. शुद्ध येईल की नाही, याचा निर्णयही किमान ७२ तास घाईने करीत नाहीत.

तेव्हा मेंदू वाचतो तो बहुधा शेजारी उभ्या असलेल्या माणसामुळे. आधी वीज बंद करावी, १०८ ला फोन लावावा. मग छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. एवढ्याने नेहमीच्या पाव ते एकतृतीयांश रक्त फिरते. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. ते पाहून थांबू नये. कांदा, चप्पल हुंगवण्यात तर मिनिटे जातात, एवढेच.

वर्गात गच्च भरलेल्या दप्तरावर, घड्याळ लावून, मुलांना हा वेग धरता येतो का ते पाहा. (जिवंत माणसाच्या छातीवर सराव नको.) दोन मिनिटांत मोठी माणसेही दमतात, म्हणून तेवढ्या वेळाने जोडीदाराने जागा घ्यायची असते.