सरंजाम कोणाचा, मरण कोणाचे?

वाळूजवरून जाणाऱ्या नगर रस्त्याच्या दिशेनेच, अहमदनगरचा किल्ला 12 ऑगस्ट 1803 रोजी हस्तगत करून, आर्थर वेलस्लीची इंग्रजी फौज त्या महिन्याच्या अखेरीस औरंगाबादेस येऊन पोहोचली. आणि 23 सप्टेंबरला, आज जालना जिल्ह्यात मोडणाऱ्या असईच्या रणांगणावर, सत्ताधीशांनी स्वतःपुरती करून घेतलेली सवलत सामान्य शिपायास केवढी महाग पडते हे दिसून आले.

मराठी राज्यात सरदारास मुलूख तोडून दिला जाई तो केवळ उपभोगासाठी नव्हे. ठरलेले स्वार बाळगावेत आणि हुकूम होताच चाकरीस हजर व्हावे, या अटीवर सरंजाम चाले. हजिरीच्या कागदावर स्वार पुरे आणि तळावर अपुरे, ही लबाडी पुढे वाढली हे खरे. तथापि ही अट धन्याच्या स्वतःच्या देहासही लागू आहे, ही जाणीव थोर घराण्यांत दीर्घकाळ जिवंत होती. शिंद्यांचेच उदाहरण घ्या. दत्ताजी 1760 मध्ये बुराडी घाटावर पडले, जनकोजी पानिपतात कैद होऊन मारले गेले, आणि महादजींनी त्याच रणात आलेले लंगडेपण जन्मभर वागवले.

त्याच घराण्याची गादी 1794 मध्ये कोवळ्या वयात लाभलेल्या दौलतरावांनी आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी असईस लढाई चालू असतानाच रण सोडले. कवायती पलटणींतील कित्येक परदेशी अंमलदार इंग्रजांचा जाहीरनामा निघाल्यावर आधीच चाकरी सोडून गेले होते. राहिले ते पायदळ आणि गोलंदाज. त्यांनी मात्र संगिनी अंगावर येईतो तोफा सोडल्या नाहीत, आणि काहींनी तर मेल्याचे सोंग घेऊन, शत्रूची रांग पुढे सरकताच, मागून पुन्हा मारा सुरू केला. इंग्रजांकडील दीड हजारांवर माणसे ठार वा जखमी झाली, तरी अखेरीस 98 तोफा त्यांच्या हाती पडल्या. त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आपल्या तोंडी नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पुढे 1818 मध्ये आष्टीस बापू गोखले लढता लढता पडले आणि दुसरे बाजीराव निसटले, तोही याच जातीचा प्रसंग होय. अमेरिकेतील यादवी युद्धात तर 1863 च्या कायद्याने 300 डॉलर भरणाऱ्यास सैन्यभरतीतून सूट दिली होती. तेथे ही सवलत निदान उघड लिहिलेली होती, आपल्याकडे ती न लिहिताच घेतली गेली.

30 डिसेंबर 1803 च्या सुर्जी अंजनगावच्या तहाने दौलतरावांचा पुष्कळ मुलूख गेला. गादी मात्र 1827 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.