पहिले कार्ड कोणते? ‘रुकी कार्ड’च्या व्याख्येचा मागोवा

एखाद्या बेसबॉल खेळाडूच्या कारकिर्दीच्या सुरुवातीचे जे कार्ड संग्राहक ‘पहिले’ मानतात, त्याला रुकी कार्ड म्हणतात. रुकी म्हणजे नवोदित. पण सर्वांत आधी छापलेले कार्ड हेच रुकी कार्ड, असे मात्र नाही. कोणते कार्ड पहिले मानायचे, हे गेल्या अर्धशतकात कधी बाजाराने ठरवले, कधी किमतींच्या पुस्तकांनी, तर कधी खेळाडूंच्या संघटनेने.

अमेरिकेत बेसबॉलची उतरंड आहे. वर मेजर लीग, खाली मायनर लीगच्या अनेक पायऱ्या. कोणत्या पायरीवरचे कार्ड पहिले मानायचे, हा पेच महाराष्ट्रातल्या वाचकाला सचिन तेंडुलकरवरून चटकन कळेल. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमकडून विनोद कांबळीसोबत 664 धावांची भागीदारी, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईकडून रणजी पदार्पण, आणि 15 नोव्हेंबर 1989 रोजी कराचीत पहिली कसोटी. या तिन्ही वेळी त्याचे एकेक कार्ड निघाले असते, तर खरे पहिले कोणते? बेसबॉलच्या संग्राहकांचा वाद नेमका हाच आहे.

बेब रूथच्या बाबतीत तो प्रत्यक्षात उभा राहिला. 1914 मध्ये ‘बाल्टिमोर न्यूज’ या वृत्तपत्राने स्थानिक मायनर लीग संघाची कार्डे काढली, त्यांत कोवळा रूथ आहे. मेजर लीगचा खेळाडू म्हणून त्याचे कार्ड 1916 च्या सुमाराचे. बरेच जाणकार रुकीचा मान 1916 च्या कार्डाला देतात. तरी 1914 चे कार्ड डिसेंबर 2023 मध्ये 72 लाख डॉलरला विकले गेले. व्याख्येत न बसणाऱ्या कार्डाची किंमत कमी होते, असे नाही.

मिकी मँटलचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे रुकी कार्ड बोमन कंपनीचे, 1951 चे. त्यावर वाद नाही. पण संग्राहकांचा जीव जडला तो टॉप्स या दुसऱ्या कंपनीच्या 1952 च्या, 311 क्रमांकाच्या कार्डावर. त्या मालिकेतला उशिरा छापलेला माल खपला नाही. टॉप्सचे साय बर्जर यांनी पुढे सांगितले, की 1960 मध्ये उरलेली खोकी त्यांनी बोटीवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच मालिकेतले मँटलचे एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेले. ते त्याचे दुसऱ्या वर्षाचे कार्ड आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक होतेच.

टॉप्सने 1956 मध्ये बोमन विकत घेतली आणि पुढची पंचवीस वर्षे मैदान जवळजवळ तिचेच राहिले. त्या काळात रुकी कार्ड ओळखणे सोपे होते: दरवर्षी एक मुख्य संच, त्यात खेळाडू पहिल्यांदा दिसला की झाले. कधी चार नवोदित एकाच कार्डावर दाटीवाटीने बसवलेले असत. 1963 मधले पीट रोझचे कार्ड असेच आहे. टॉप्सच्या मक्तेदारीविरुद्धच्या न्यायालयीन लढाईनंतर 1981 मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात उतरल्या आणि एका खेळाडूची एकाच वर्षात तीन-तीन पहिली कार्डे निघू लागली.

याच सुमारास जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने किमतींची पुस्तके काढायला सुरुवात केली. 1984 पासून त्याचे मासिक निघू लागले आणि त्यातली ‘आरसी’ (रुकी कार्ड) ही दोन अक्षरे दुकानदारांसाठी प्रमाण झाली. मुख्य संचातले, देशभर विकले गेलेले पहिले कार्ड तेवढे ‘आरसी’. हंगामाच्या शेवटी डब्यातून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या पूरक संचांतल्या कार्डांना ‘एक्सआरसी’ असा वेगळा शिक्का. म्हणून रॉजर क्लेमन्सचे 1984 चे फ्लीअर अपडेट कार्ड एक्सआरसी, आणि 1985 ची कार्डे आरसी. कॅल रिपकेनचे 1982 चे टॉप्सचे रुकी कार्ड तिघांचे मिळून आहे. त्याच वर्षीचे पूरक संचातले एकट्याचे कार्ड शिक्क्याने दुय्यम, पण भावाने वरचढ.

1989 मध्ये अपर डेक या नव्या कंपनीने आपल्या संचातले पहिल्या क्रमांकाचे कार्ड केन ग्रिफी ज्युनिअरला दिले. तो तोवर मेजर लीगचा एकही सामना खेळलेला नव्हता. छायाचित्र मायनर लीगमधले. टोपी रंगवून सिअ‍ॅटलची केली. तो मोठा खेळाडू होईल, हा कंपनीचा अंदाज खरा ठरला. त्याच वर्षी टॉप्सने बोमन हे नाव पुन्हा बाजारात आणले आणि पुढे त्या संचांतून होतकरू पोरांची कार्डे ढिगाने येऊ लागली. पोरगा मेजर लीगमध्ये पोहोचेपर्यंत त्याचे ‘रुकी’ कार्ड कित्येक वर्षांचे जुने झालेले असे. शब्दाचा अर्थच यात हरवत चालला होता.

2006 मध्ये खेळाडूंच्या संघटनेने आणि लीगने नियम घातला: मेजर लीगच्या संघात आल्याशिवाय मुख्य संचात कार्ड नाही, आणि आल्यावर त्यावर रुकीचे अधिकृत चिन्ह. खेळाशी इमान राखणारी हीच व्याख्या योग्य म्हणावी लागेल. बाजाराने ती पूर्णपणे मानली नाही. माइक ट्राउटचे अधिकृत रुकी कार्ड 2011 च्या टॉप्स अपडेटमधले. पण त्याचे 2009 चे स्वाक्षरी असलेले, एकच प्रत असलेले बोमन कार्ड ऑगस्ट 2020 मध्ये 39 लाख डॉलरला गेले. जपानी खेळाडूंमुळे गुंता आणखी वाढला. इचिरोची कार्डे जपानमध्ये 1993 पासून होती, अमेरिकेत मात्र तो 2001 मध्ये नवोदित ठरला.

भारतात असा वाद उद्भवलाच नाही, कारण इथल्या संग्रहाची रीत निराळी. बिग फन बबलगमसोबत मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांवर धावा आणि बळी छापलेले असत. मुले त्या धावांची बेरीज करत, छपाईचे वर्ष कोणी पाहत नसे. खेळाडूवर निघणारे टपाल तिकीट तर कारकिर्दीच्या अखेरीस किंवा त्यानंतर येते. दि. ब. देवधर आणि विजय मर्चंट यांची तिकिटे 1996 मध्ये निघाली, तेंडुलकरचे 14 नोव्हेंबर 2013 रोजी, वानखेडेवरच्या अखेरच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी.

अमेरिकेत 2023 पासून टॉप्सने ‘पहिले’ या शब्दाला वस्तूचाच पुरावा जोडला. मेजर लीगच्या पहिल्या सामन्यात खेळाडूच्या सदऱ्याच्या बाहीवर एक बिल्ला शिवलेला असतो. सामन्यानंतर तो काढून एकमेव कार्डात बसवला जातो. 11 मे 2024 रोजी पिट्सबर्गकडून पदार्पण करणाऱ्या पॉल स्कीन्सचे असे कार्ड एका 11 वर्षांच्या मुलाने उघडलेल्या कार्डांच्या पाकिटात निघाले. मार्च 2025 मध्ये ते 11 लाख 10 हजार डॉलरला विकले गेले.