भिंतीखालून धावणारी गाडी

१९६१ ते १९८९ या अठ्ठावीस वर्षांत बर्लिन शहरातील हजारो माणसे रोज एक विलक्षण प्रवास करीत होती. पश्चिम बर्लिनच्या दक्षिण भागातील मोरिट्झप्लाट्झ या स्थानकातून भुयारी गाडी उत्तरेकडे निघाली, की पश्चिम बर्लिनमधील शेवटचे स्थानक गेल्याची सूचना उतारूंच्या कानांवर पडे. मग गाडीचा वेग मंदावे. खिडकीबाहेर अंधूक दिव्यांच्या उजेडात एक फलाट दिसे. त्यावर चिटपाखरू नसे. असत ते फक्त बंदूकधारी पहारेकरी. गाडी न थांबता पुढे सरके. अशी ओळीने सहा स्थानके मागे पडली म्हणजे फोल्टाश्ट्रासे हे स्थानक येई, दारे उघडत आणि उतारू पुन्हा पश्चिम बर्लिनमध्येच उतरत. मधल्या काही मिनिटांत ते एका परक्या राज्याच्या हद्दीतून, त्या राज्याच्या जमिनीखालून, पारपत्रावाचून जाऊन आलेले असत.

लोकांनी या स्थानकांना ‘भुतांची स्थानके’ असे नाव दिले. नाव समर्पक होते. पण ती भुते स्मशानात निपजलेली नव्हती. ती राज्यकर्त्यांच्या कचेऱ्यांतून, शिक्क्यानिशी आणि सहीनिशी बाहेर पडली होती.

एका शहराची एक गाडी

बर्लिनची भुयारी रेल्वे १९०२ साली सुरू झाली. तिच्या अनेक स्थानकांची रचना आल्फ्रेड ग्रेनांडर या मूळच्या स्वीडिश वास्तुशिल्पज्ञाने केली. एकामागून एक येणाऱ्या स्थानकांना त्याने निरनिराळे रंग दिले, म्हणजे उतारूला आपले ठिकाण भिंतीच्या रंगावरूनच ओळखता यावे. तिकीट काढणारा कारकून असो की कारखान्यातला मजूर, शहर सर्वांना सुगम व्हावे, हा त्यामागचा विचार होता.

या विचाराला प्रशासनाची जोड दिली ती एर्न्स्ट रॉयटर यांनी. १९२६ पासून शहराच्या वाहतुकीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. भुयारी रेल्वे, ट्रॅम आणि बस या वेगवेगळ्या कंपन्यांच्या हाती होत्या. त्या एका छत्राखाली याव्यात आणि एकाच तिकिटावर साऱ्या शहरात फिरता यावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि तो तडीस नेला. नियतीचा खेळ असा, की हेच रॉयटर १९४८ च्या नाकेबंदीच्या दिवसांत दुभंगलेल्या शहराच्या पश्चिम भागाचे महापौर झाले. ज्याने शहर एका तिकिटात गुंफले, त्यालाच अर्ध्या शहराचा कारभार पाहावा लागला. १९४९ मध्ये वाहतूक संस्थेचेही दोन तुकडे झाले. १९५३ साली रॉयटर यांचे निधन झाले. भिंत पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही, इतकेच.

नकाशावरून पुसलेले मार्ग

१३ ऑगस्ट १९६१ हा रविवार होता. आदल्या रात्रीतून पूर्व जर्मनीच्या सरकारने सरहद्द बंद केली. रस्त्यांवर तारा आल्या, नंतर त्यांच्या जागी भिंत आली. जमिनीखाली मात्र प्रश्न इतका सरळ नव्हता. बर्लिनचा मध्यभाग, म्हणजे मिटे हा जुना पेठेचा भाग, सोव्हिएत विभागात होता. पण त्याच्या उत्तरेस, दक्षिणेस आणि पश्चिमेसही पश्चिम बर्लिनच्या वस्त्या होत्या. १९२० नंतरच्या दशकात उत्तर-दक्षिण असे दोन भुयारी मार्ग खणले गेले, ते साहजिकच शहराच्या या काळजाखालून गेले. १९३६ ते १९३९ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झालेला उपनगरी रेल्वेचा बोगदाही तसाच होता. त्याच्या खोदकामात १९३५ च्या ऑगस्टमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ माती कोसळून एकोणीस कामगार गाडले गेले होते. त्यांच्या मेहनतीने जोडलेले शहर राज्यकर्त्यांना एका रात्रीत तोडायचे होते.

तोडगा निघाला तो दोन्ही बाजूंच्या सोयीचा होता. गाड्या पश्चिमेच्या, उतारू पश्चिमेचे, बोगदा मात्र पूर्वेचा; त्या वापराबद्दल पश्चिमेने पूर्वेला दरवर्षी मोबदला द्यायचा. पूर्व जर्मनीला परकीय चलन हवे होते आणि पश्चिम बर्लिनला आपल्या उत्तर आणि दक्षिण वस्त्यांमधील दळणवळण. तत्त्वांची लढाई वर चालू होती आणि हिशेब खाली चुकता होत होता. एकमेकांच्या अस्तित्वालाही मान्यता न देणारी दोन सरकारे वेळापत्रकाबाबत मात्र एकमेकांवर विसंबून होती, हे या कथेतील सर्वांत बोलके सत्य म्हणावे लागेल.

पूर्वेकडील रहिवाशांच्या दृष्टीने हे मार्ग अस्तित्वातच नव्हते. रस्त्यावरचे जिने बुजवले गेले, नावाच्या पाट्या उतरवल्या गेल्या आणि छापील नकाशांतून या मार्गांच्या रेघा नाहीशा झाल्या. पश्चिमेच्या नकाशांत ती स्थानके होती. फक्त ‘येथे गाड्या थांबत नाहीत’ अशी नोंद त्यांच्यापुढे असे. पण नकाशावरून पुसलेली गाडी रुळावरून पुसली जात नाही. पदपथावरील झरोक्यांतून खालची घरघर ऐकू येई, पायांखाली जमीन थरथरे. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला आपल्या पायांखालून आपलेच शहर धावत आहे हे कळे. त्यात चढता मात्र येत नसे.

खालच्या पहारेकऱ्यांची अवस्था तरी काय होती? फलाटावर विटांची कोठडी, तिला बाहेर पाहण्यापुरती फट, आणि आत ते दोघे. त्यांना जोडीने ठेवण्याचे कारण उघड होते. गाडी त्यांच्या हाताच्या अंतरावरून स्वातंत्र्याकडे जात होती; तेव्हा एकाने दुसऱ्यावर नजर ठेवणे अगत्याचे होते. ज्या राज्याला आपल्या पहारेकऱ्यावर पहारा ठेवावा लागतो, त्याची भिंत कितीही उंच असली तरी पाया डळमळीतच असतो.

अश्रूंचा महाल

याला अपवाद एकच होता. फ्रीडरिशश्ट्रासे हे स्थानक पूर्वेत असूनही तेथे पश्चिमेच्या गाड्या थांबत. उतारू गाडी बदलू शकत, फलाटावरच्या सरकारी दुकानातून परकीय चलनात स्वस्त दारू आणि सिगारेटी घेऊ शकत, किंवा तपासणी उरकून पूर्वेत जाऊ शकत. त्याच स्थानकात पूर्वेचे उतारूही येत. पण दोहोंमध्ये भिंती, दारे आणि पहारे होते. पूर्वेतील आप्तांना भेटून परतणाऱ्यांसाठी १९६२ मध्ये शेजारी एक काचेचे दालन उभारण्यात आले. म्हातारी आई मुलाला त्याच्या दाराशी निरोप देई. त्यापुढे तिला जाता येत नसे. लोक त्या दालनाला ‘अश्रूंचा महाल’ म्हणू लागले. आज तेथे संग्रहालय आहे.

पश्चिमेचे वर्तनही सर्वस्वी निर्दोष होते असे नाही. उपनगरी रेल्वे दोन्ही बाजूंना पूर्व जर्मनीच्या ताब्यातील रेल्वेखाते चालवीत असे. भिंत उभी राहिल्यावर पश्चिमेच्या नागरिकांनी या गाड्यांवर बहिष्कार घातला. संताप रास्त होता. परंतु त्यात गाड्या रिकाम्या आणि स्थानके भकास झाली आणि शहराची एक उत्तम सोय वर्षानुवर्षे गंजत राहिली. १९८४ मध्ये पश्चिम भागातील मार्ग पश्चिमेच्या वाहतूक संस्थेकडे आले, तेव्हा कोठे त्यांची डागडुजी सुरू झाली. नागरिकांच्या रोषाची किंमतही बहुधा नागरिकांनाच मोजावी लागते.

पुन्हा उघडलेली दारे

९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंतीची फाटके उघडली. अवघ्या दोन दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, यानोवित्सब्र्युके स्थानकात गाडी थांबली आणि तिची दारे उघडली. डिसेंबरमध्ये रोझेनथालर प्लाट्झ खुले झाले. १ जुलै १९९० पर्यंत दोन्ही भुयारी मार्गांवरील सर्व स्थानके उतारूंना परत मिळाली. पॉट्सडामर प्लाट्झ येथे उपनगरी गाडी यायला १९९२ आणि भुयारी गाडी यायला १९९३ उजाडले. १९९२ मध्येच दुभंगलेली वाहतूक संस्थाही पुन्हा एक झाली. अठ्ठावीस वर्षे ज्यांना कोणी हात लावला नव्हता, ते फलाट झाडून पुसून वापरात आले.

रूळ जोडायला काही महिने लागले. माणसे जोडायला अधिक काळ लागतो, हे बर्लिनकरांनी पुढे अनुभवले. तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. रूळ शाबूत होते, बोगदे शाबूत होते, गाडी चालू होती, म्हणूनच जोडणी इतक्या लवकर होऊ शकली. सार्वजनिक सेवा टिकवून धरणाऱ्या चालकांनी आणि यंत्रज्ञांनी नकळत भविष्याची सोय करून ठेवली होती. भाषणांनी शहर एक झाल्याचे जाहीर झाले. ते प्रत्यक्षात एक केले कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीने.

फ्रांझ्योझिशे श्ट्रासे हे त्या भुतांच्या स्थानकांपैकीच एक होते. डिसेंबर २०२० मध्ये ते पुन्हा बंद झाले. या वेळी कारण अगदी साधे होते: नवा मार्ग पूर्ण होऊन जवळच उंटर डेन लिंडेन हे गाडी बदलण्याचे नवे स्थानक झाले, त्यामुळे जुन्याची गरज उरली नाही. कोणी तारा बांधल्या नाहीत, कोणी पहारा बसवला नाही. उतारू थोडे पुढे चालत गेले आणि गाडीत बसले. शहर निरोगी असते तेव्हा स्थानके अशीच बंद होतात, अशीच उघडतात. बर्लिनला हे साधेपण अठ्ठावीस वर्षांच्या अंधारानंतर मिळाले आहे. त्याचे मोल तेथील उतारूंना वेगळे सांगावे लागत नाही.